मदत हवी आहे: इलेक्ट्रिकलसाठी ग्राफिंग कॅल्क्युलेटर घ्यावा का?

डिप्लोमा झाला, आता डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. कॅसिओचा एफएक्स-९९१ईएस प्लस आहेच. अमेरिकेहून येणाऱ्या मावशीकडून टीआय-८४ प्लस सीई हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर मागवू का? दुसरं म्हणजे, माझ्या कॅल्क्युलेटरवर sin x चं ० ते π इंटिग्रेशन २ यायला हवं, येतं ०.०८६१. बिघडलाय का?

प्रतिसाद १
मागवू नका. टीआय-८४ मध्ये प्रोग्रॅम साठवता येतात, त्यामुळे जिथे फक्त नॉन-प्रोग्रॅमेबल चालतो तिथे तो बाहेरच ठेवावा लागेल. एमएसबीटीईच्या (डिप्लोमाच्या परीक्षा मंडळाच्या) पेपरवरची ती सूचना तुम्हाला पाठच असेल. डिग्रीचे नियम कॉलेजात विचारून घ्या. गेटला (एमटेकच्या प्रवेश परीक्षेला) तर स्वतःचा कॅल्क्युलेटर नेताच येत नाही, स्क्रीनवरचाच वापरायचा. घरी आलेख बघायला मोबाइलवर डेसमॉस किंवा जिओजेब्रा आहे, फुकट आणि जास्त स्पष्ट.

तुमचा कॅल्क्युलेटर अगदी ठणठणीत आहे. स्क्रीनवर वर बारीक D दिसतोय ना? तो π म्हणजे ३.१४ अंश धरतोय. शिफ्ट, मोड, ४ दाबा, R (रेडियन) येईल आणि उत्तर २. कॅल्क्युलसला कायम R. फेझरला (एसी व्होल्टेज किंवा करंट लांबी आणि कोनानं लिहितात त्याला) मात्र कोन अंशांत दिलेले असतात, तेव्हा शिफ्ट, मोड, ३ करून D वर या. सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात.

प्रतिसाद २
फेझरची बेरीज हातानं करत बसू नका. मोड, २ दाबून कॉम्प्लेक्समध्ये जा. ∠ साठी शिफ्ट आणि (-). १०∠३० + ५∠-४५ टाका, शेवटी शिफ्ट, २, ३ आणि =. १२.२८∠६.८५ आलं पाहिजे.

मूळ प्रश्नकर्ता
जमलं, दोन्ही उत्तरं आली! मग कॅसिओचाच पुढचा मॉडेल ९९१ईएक्स घेण्यात काही अर्थ?

प्रतिसाद १
चार लूपची डीसी सर्किट्स भरपूर असतील तर आहे. ईएस प्लस ३ अज्ञातांवर थांबतो, ईएक्स ४ पर्यंत जातो. पण एसी सर्किटला दोघांचाही इक्वेशन मोड कामाचा नाही, त्यात j (म्हणजे √−१) असलेले सहगुणक घालताच येत नाहीत. तिथे कॉम्प्लेक्स मोडमध्येच राहायचं, इम्पीडन्स (एसीतला रोध) A, B, C, D मध्ये साठवायचे (ईएस प्लसवर शिफ्ट, आरसीएल, मग अक्षर) आणि AD−BC हा निश्चयक काढून क्रेमरच्या नियमानं (निश्चयकांचा भागाकार करून) सोडवायचं. दोन लूपपर्यंत हे झटपट होतं.