रोज ऑफिसला अ‍ॅडव्हेंचर टूरर नेणं हा हट्ट आहे का?

वाटसरू

परवा पार्किंगमध्ये एका सहकाऱ्याने विचारलं, "एवढं धूड रोज कशाला आणतोस? ही सुट्टीत फिरायची गाडी." तेव्हा हसून सोडून दिलं, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. ज्यांना पटणार नाही त्यांनी स्पष्ट सांगा.

माझी गाडी ४५२ सीसीची सिंगल सिलिंडर रॉयल एनफिल्ड हिमालयन, वजन १९६ किलो. दोन वर्षांत ३१,००० किलोमीटर झाले. त्यातले लांबच्या प्रवासाचे जेमतेम ९,०००. बाकीचे सगळे ऑफिसचे, २२ जायचे आणि २२ यायचे.

माझं म्हणणं असं की घरात एकच दुचाकी ठेवायची असेल, तर साधारण ४०० ते ७०० सीसीमधली अ‍ॅडव्हेंचर टूरर, म्हणजे पक्क्या आणि कच्च्या दोन्ही वाटांवर लांब फिरायला केलेली उंच गाडी, घ्यावी आणि ती रोज चालवावी. सुट्टीसाठी कव्हर घालून ठेवू नये.

आता कारणं. माझ्या वाटेवर एक पूल आहे. त्याच्या प्रत्येक जोडावर लोखंडी पट्टी वर आली आहे. आधीच्या गाडीवर त्या पट्ट्या मी मोजत जायचो, कारण प्रत्येक पट्टी थेट कमरेत बसायची. या गाडीचं पुढचं चाक २१ इंची आहे. चाक जितकं मोठं तितकं ते खड्ड्यात कमी उतरतं, वरून निघून जातं. त्यात सस्पेन्शनला २०० मिलिमीटरचा खेळ. आता पट्ट्या लक्षातही येत नाहीत. बसायचं ताठ, हॅण्डल रुंद, नजर पुढच्या गाड्यांच्या टपावरून पलीकडे जाते. पुढे कुणी ब्रेक दाबला तर मला दोन गाड्या आधी कळतं. संध्याकाळी घरी पोचल्यावर मान आखडलेली नसते.

आणि सुट्टीच्या आदल्या रात्री फक्त बॅग बांधायची. गाडी ओळखीचीच असते.

साधी गाडी

तुझ्याच आकड्यांतून सुरुवात करतो. ३१,००० पैकी २२,००० किमी तू एकटा माणूस, एक लॅपटॉप आणि एक डबा नेण्यासाठी १९६ किलो लोखंड हलवलंस. ११० सीसीची स्कूटर त्याच्या निम्म्याच्या आसपास भरते.

मी हे अनुभवाने सांगतोय. ६५० सीसीची ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची गाडी, चार वर्षं रोज चालवली. कंपनीचं नाव घेत नाही, त्या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांची हीच गत आहे. सिग्नलला दोन मिनिटं उभं राहिलं की रेडिएटरचा पंखा सुरू, आणि ती गरम हवा थेट नडगीवर. उन्हाळ्यात जीन्सच्या आतून चटका बसायचा. गर्दीत तिसऱ्या गिअरच्या वर कधी जाताच येत नाही, सारखा हाफ क्लच, डावा पंजा भरून येतो. ज्या इंजिनाला मोकळा रस्ता हवा त्याला मी रोज दीड तास रांगायला लावत होतो.

सगळ्यात वाईट म्हणजे पार्किंग. जागा उताराची होती, तोंड खाली करून लावली की काढताना मागे ओढायची. त्यात पाऊस पडून फरशी ओली झाली की बूट सरकायचा. एकदा गाडी अशीच हातातून गेली, शेजारच्या दोन स्कूटर घेऊन आडवी झाली. त्या दोघांची भरपाई केली, आणि त्या दिवसापासून गाडी काढायची म्हटलं की पोटात गोळा यायचा.

शेवटी विकली. आता रोजला स्कूटर. वर्षातून दोनदा लांब जातो तेव्हा मोठी गाडी भाड्याने घेतो. विमा, सर्व्हिसिंग, टायर, सगळी चिंता दुसऱ्याची.

नीलिमा

साधी गाडी, भाड्याच्या गाडीबद्दल माझं ऐका. गेल्या वर्षी मीही घेतली होती. पहिल्याच दिवशी डोंगराचा चढ, हेअरपिन वळण, वळणावर खडी. क्लच नेमका कुठे पकडतो ते मला माहीत नव्हतं. मागच्या ब्रेकला किती जोर लागतो तेही नाही. गाडी बंद पडली, मागे सरकायला लागली आणि मी लवंडले. नशिबाने वेग शून्य होता. स्वतःच्या गाडीवर हे झालं नसतं, कारण तो हात रोज सिग्नलला तयार होतो. वाटसरूंच्या मुद्द्यातली खरी मेख मला इथे वाटते.

आता माझी बाजू. उंची १५७ सेंटिमीटर. माझ्या गाडीची सीट ८२५ मिलिमीटरवर. दोन्ही पाय टेकत नाहीत, आणि टेकायची गरजही नाही. थांबायच्या आधी उजवा पाय मागच्या ब्रेकवर, ढुंगण सीटच्या डाव्या कडेला सरकवायचं आणि डावा चवडा पूर्ण टेकवायचा. हे अंगवळणी पडायला मला तीन आठवडे लागले, आणि ते तीन आठवडे ऑफिसच्या वाटेवरचेच होते.

गाडी पडली तर उचलता आली पाहिजे. हॅण्डल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं, गिअरमध्ये टाकायची, उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडायचा. मग गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, सीटच्या कडेला कंबर लावायची, एका हातात खालची ग्रिप, दुसऱ्या हातात मागचं हॅण्डल, आणि पाठ न वाकवता पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत उठायचं. गाडी हाताने उचलली जात नाही, मांड्यांनी उचलली जाते. मी बंद पार्किंगमध्ये जुनी गादी टाकून सहा वेळा केलं.

मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलून गाडीची उंची कमी करायचा सल्ला सगळे देतात. मी नाही केली. मागून उतरवली की पुढचा भाग तुलनेने उंच राहतो, वळताना गाडी जड वाटते, साइड स्टँड लांब पडून गाडी उभीच राहते आणि धक्का लागला की पडते. त्यापेक्षा सीटचा फोम बाजूने कापून अरुंद करून घेतला. फरक पडला.

उत्तरवारा

गर्दी आणि उकाडा ठीक आहे, पण माझा आक्षेप वेगळा आहे. ज्याचे ३१,००० पैकी बहुतेक किलोमीटर डांबरावर जातात त्याला २१ इंची चाक हवंच कशाला? ते चाक अरुंद असतं, त्यामुळे डांबरावरची पकड मर्यादित. जोरात ब्रेक मारला की लांब सस्पेन्शन खाली जातं, गाडी नाकावर येते. आडवा वारा सुटला की उंच गाडी आणि तिची उंच काच, दोन्ही पकडली जातात. मोठ्या ट्रकच्या मागून बाहेर पडताना तो धक्का एकदा अनुभवा.

याच उंचीची, याच बैठकीची गाडी दोन्हीकडे १७ इंची चाकांवर मिळते. कावासाकीची व्हर्सिस ६५० तशी आहे. मधला मार्ग म्हणजे १९ इंची, जसा सुझुकीच्या व्ही-स्ट्रॉम ६५० ला किंवा होंडाच्या एनएक्स५०० ला. ज्याला मातीत जायचंच नाही त्याने मातीचं चाक घेऊन रोज त्याची किंमत का मोजावी? नॉबी, म्हणजे मातीसाठीच्या मोठ्या गाठींच्या टायरवाल्यांना तर हात जोडून सांगतो, ओल्या डांबरावर ते टायर घेऊन ऑफिस गाठू नका.

वाटसरू

उत्तरवारा, टायरचं शंभर टक्के मान्य. माझ्याकडे रस्त्याचेच आहेत.

पण "मातीत जायचंच नसेल तर" इथे माझं अडतं. या गाड्यांचा जन्मच दोन्हीसाठी झाला. १९८० साली बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस काढली, तिच्या नावातली दोन अक्षरं म्हणजे गेलेंडे आणि श्ट्रासे, रान आणि रस्ता. ७९७ सीसी, ५० हॉर्सपॉवर. आज तेवढ्या ताकदीच्या गाडीला आपण मध्यम म्हणतो. १९८१ मध्ये ह्युबर्ट ऑरिऑलने त्याच कुळातल्या गाडीवर पॅरिस-डाकार ही वाळवंटातून जाणारी शर्यत जिंकली. मी काही वाळवंटात जाणार नाही. पण रस्ता संपून तीन किलोमीटर कच्ची वाट लागली आणि तिच्या टोकाला मुक्काम असला, तर मला परत फिरायचं नाहीये. दोन वर्षांत असं किमान सात-आठ वेळा झालं.

तेलपाणी

गाड्या दुरुस्त करण्यात हयात गेली, त्यामुळे थोडं गॅरेजमधून बोलतो.

घर ते ऑफिस किती अंतर आहे, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. २२ किमी उत्तम. पण ज्याचं ऑफिस चार किमीवर आहे त्याने ही गाडी रोज वापरू नये. एवढ्या अंतरात ऑइल धड तापत नाही, इंजिनात जमलेला ओलावा उडून जात नाही. सहा महिन्यांनी ऑइलचं झाकण उघडलं की आतून पांढरट साय धरलेली दिसते. बॅटरीही पुरती चार्ज होत नाही, मग सोमवारी सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो.

दुसरं, चेन. स्कूटरवरून आलेल्या माणसाला चेन असते हेच आठवत नाही. दर ५०० किमीला, आणि पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी, पुसून ल्यूब. वाटसरू आठवड्याला २२० किमी नुसतं ऑफिसचं करतात, म्हणजे महिन्यातून दोनदा तरी. चेन फिरवायला मागचं चाक उचलून धरणारा मेन स्टँड बऱ्याच गाड्यांना कंपनीकडून येत नाही. तो आधी बसवून घ्या, बाकी सगळं नंतर. परवा एक गाडी आली, भारी दिवे, ॲल्युमिनियमच्या पेट्या, आणि चेन गंजून लाल, कड्या अडकलेल्या. हाताने फिरवली तर कुरकुर ऐकू येत होती. मला फार वाईट वाटलं.

टॅपेटचा, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या फटी तपासण्याचा, बागुलबुवा मात्र करू नका. व्ही-स्ट्रॉम ६५० ला ते २४,००० किमीला तपासायचे असतात. रोजच्या वापरानेसुद्धा दोन वर्षांतून एकदा येतं.

साधी गाडी

तेलपाणी, अंतराचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता. माझं सात किमी होतं. कदाचित माझा निम्मा त्रास त्यातच असेल.

तरी एक गोष्ट सांगतो, तिच्यावर कुणी बोललेलं नाही. एकच गाडी असली की ती बंद पडल्यावर काहीच उरत नाही. माझा वॉटर पंप गेला, पार्ट यायला १९ दिवस लागले. १९ दिवस ऑफिसचे हाल, आणि मधली चार दिवसांची ठरलेली सहल गेली ती गेलीच. रोज राबवलेली गाडी सुट्टीच्या तोंडावरच काहीतरी मागते, टायर झिजलेला, ब्रेक पॅड संपत आलेले. नीलिमा, तुमचं क्लचचं म्हणणं पटलं. आता भाड्याची गाडी एक दिवस आधी घेईन आणि तो दिवस सपाटीवरच चालवीन. पण माझा निर्णय बदलत नाही.

वाटसरू, एक विचारतो. तू पेट्या रोज लावून फिरतोस का?

वाटसरू

पेट्या नाही, पण त्यांचा रॅक कायम असतो.

साधी गाडी

तो काढ. गर्दीत आपण हॅण्डल निघतं का एवढंच बघतो. आरशातून डोळ्यांना अंदाज येतो तो हॅण्डलचा, मागच्या रॅकचा नाही. मी एका गाडीचा दरवाजा असाच ओरबाडला होता.

नीलिमा

आणि कच्च्या वाटेवर जाणार असाल तर कडक पेट्यांऐवजी कापडी बॅगा बघा. तोल सावरायला पाय टेकला आणि गाडी पुढे सरकत राहिली तर पोटरी पेटीखाली सापडते. माझ्या मैत्रिणीचा घोटा असाच मोडला.

वाटसरू

टेप घेऊन आत्ताच मोजलं. हॅण्डलपेक्षा रॅक दोन्ही बाजूंना आतच आहे, पण पेट्या लावल्या की प्रत्येक बाजूला चार बोटं बाहेर येतात. म्हणजे सहलीहून परतताना, शहरात शिरल्यावर, जेव्हा मी सगळ्यात दमलेला असतो, तेव्हाच गाडी सगळ्यात रुंद असते. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

१९ दिवसांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. तेवढे दिवस मला बसने जावं लागेल, आणि मी जाईन.

रॅक उतरवला. सहा बोल्ट होते, त्यातला एक गंजून बसला होता. तेलपाणी, तो परत बसवताना ग्रीस लावू की थ्रेडलॉक, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद?

तेलपाणी

रॅकला सतत हादरे बसतात, म्हणून मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक. आधी आटे तारेच्या ब्रशने कोरडे स्वच्छ करा. ग्रीस आणि थ्रेडलॉक एकत्र कधीच नाही.