मदत हवी आहे: शाळेच्या नाटकात प्रोजेक्टर कुठे वापरावा?

नमस्कार मंडळी. स्नेहसंमेलनासाठी पाचवी-सहावीच्या मुलांचं नाटक बसवतोय. जंगल, नदीकाठ, पूर आणि चावडी अशी चार स्थळं. एका पालकांनी ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर देऊ केलाय, तेव्हापासून सगळंच नेपथ्य पडद्यावर दाखवायचा आग्रह सुरू आहे.

तालमीत लावून पाहिला. समोरून टाकला की मुलांच्या सावल्या पडद्यावर आणि नदी त्यांच्या शर्टांवर. पार लाइट (रंगमंचावर झोत टाकणारे दिवे) चढवले की चित्र फिकं, उतरवले की चेहरे गायब. मागून टाकायला जागाच नाही. रंगमंच जेमतेम १५ फूट खोल, मागे लगेच भिंत. शिवाय व्हिडिओ सुरू झाला की मुलं प्रेक्षकांकडे पाठ करून तोच बघत बसतात! उलट दोन मुलींनी निळी साडी टोकांना धरून हलवली, तर पूर लगेच पटला.

बजेट पाच हजार, त्यामुळे एलईडी वॉल नका सुचवू. ऑपरेटर नववीचा विद्यार्थी, रंगीत तालीम एकच. माझा कल असा, की रंगमंच रिकामा असताना, म्हणजे सुरुवातीला आणि प्रवेश बदलताना तेवढा प्रोजेक्टर वापरावा आणि पैसे माइकवर घालावेत. शेवटच्या रांगेत संवाद ऐकूच येत नाहीत.

ज्यांनी शाळेत नाटकं बसवलीत त्यांना विचारतो: एखाद्या प्रसंगात प्रोजेक्शन ठेवायचं की काढायचं, हे तुम्ही कशावरून ठरवता? आणि प्रोजेक्टर पुढच्या बारला (दिवे टांगायच्या आडव्या दांड्याला) उंच टांगून तिरका टाकला, तर १५ फूट खोल रंगमंचावर सावल्या टळतील का?