पावसाळ्यात छायाप्रतींवर उभी काळी रेघ आणि फिकट ढगाळ डाग

प्रश्न (देवगड)
आमच्या कार्यालयातील कॉपियरवर बहुतेक सातबारा उतारे आणि अर्जांच्या छायाप्रती निघतात. जून संपल्यापासून कागदाच्या लांबीभर एक बारीक काळी रेघ उमटू लागली आहे. शिवाय सकाळच्या पहिल्या वीस-पंचवीस प्रतींत शिक्के आणि जाड अक्षरे मधूनच फिकट, ढगाळ निघतात. दुरुस्तीवाल्यांनी यंत्र न उघडताच ड्रम, म्हणजे कागदावर मजकूर उमटवणारा आतला दंडगोल, बदलायला सांगितले. गावोगावहून एस.टी.ने आलेल्या माणसाच्या हाती गट क्रमांक पुसट असलेला कागद देणे मनाला पटत नाही. पण ड्रमचा खर्च करण्याआधी दोष खरोखर तिथेच आहे का, हे कसे ओळखावे?

उत्तर (रत्नागिरी)
रेघ आणि डाग यांची कारणे वेगळी असावीत, म्हणून आधी रेघेचा निकाल लावा. तोच कागद एकदा वरच्या फीडरमधून (कागद आपोआप आत ओढणाऱ्या भागातून) आणि एकदा मोठ्या काचेवर ठेवून काढा. मग संगणकावरून एक पान छापा. रेघ फक्त फीडरच्या प्रतीवर आली, तर ड्रम निर्दोष आहे. मोठ्या काचेच्या कडेला एक अरुंद काचपट्टी असते. फीडरमधला कागद तिच्यावरून सरकत असताना खालचा दिवा जागचा हलत नाही, त्यामुळे तिच्यावरचा गोंदाचा किंवा व्हाइटनरचा कण कागदभर लांब रेघ होऊन उमटतो. तो डोळ्यांना सहसा दिसत नाही, बोट फिरवल्यावर लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पट्टी पुसा. द्रव थेट काचेवर मात्र ओतू नका.

उत्तर (वेंगुर्ला)
डागांचे मूळ मला कागदात दिसते. कागदामागे दिलेल्या विद्युतभारामुळे टोनर, म्हणजे शाईची भुकटी, ड्रमवरून कागदावर ओढला जातो, आणि दमट कागदात तो भार टिकत नाही. आपल्याकडे आषाढात रात्रभर ट्रेमध्ये राहिलेला कागद सकाळी हातालाच सर्द लागतो. वेष्टन न फोडलेले रीम उघडून प्रत काढून पाहा. यापुढे दिवसापुरताच कागद ट्रेमध्ये भरा आणि उरलेला संध्याकाळी प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवा. काही यंत्रांच्या ट्रेखाली हीटर असतो. तुमच्याकडे तो असेल आणि रात्री यंत्राचा वीजपुरवठाच बंद होत असेल, तर त्याचा काहीच उपयोग होत नाही.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनःपूर्वक आभार. रेघ फीडरच्याच प्रतीवर होती. पट्टीवर गोंदाचा कण सापडला आणि पुसताच रेघ गेली. नव्या रीमवर डागही नाहीत. मात्र आता एक बारीक काळा ठिपका एकाच पानावर सारख्या अंतराने तीनदा दिसतो, आणि तो संगणकावरून छापलेल्या पानावरही आहे.

उत्तर (रत्नागिरी)
मोजपट्टीने ते अंतर मोजा. ड्रमचा व्यास 30 मिलिमीटर असेल तर परिघ सुमारे 94 मिलिमीटर होतो, आणि 297 मिलिमीटर लांबीच्या ए-फोर कागदावर ठिपका तेवढ्या अंतराने तीनदा बसतो. तुमच्या ड्रमचा व्यास दुरुस्तीवाल्यांकडून घेऊन त्याला 3.14 ने गुणा. अंतर जुळले तर ड्रमवर ओरखडा किंवा चिकटलेला कण आहे, आणि तो पुसून निघाला नाही तर बदलण्याचा खर्च रास्त ठरेल. जुळले नाही, तर टोनर पक्का करणाऱ्या गरम रोलरचा किंवा आतल्या दुसऱ्या एखाद्या रोलरचा परिघ त्या अंतराशी ताडून पाहायला त्यांना सांगा. ड्रम तुम्ही स्वतः बाहेर काढू नका, कारण उघड्या प्रकाशाने आणि बोटांच्या स्पर्शाने चांगला ड्रमही खराब होतो.