‘द क्रॉनिकल्स ऑफ रिडिक’: भाकिताने रिडिकचं नुकसान केलं का?

निशाचर (धागाकर्ता):
२००० सालच्या ‘पिच ब्लॅक’चा खर्च सुमारे २.३ कोटी डॉलर. ओसाड ग्रह, तीन सूर्य, २२ वर्षांनी येणारं ग्रहण आणि अंधारात पाहू शकणारा एक खुनी रिडिक, एवढ्यावर सिनेमा उभा राहिला. २००४ मध्ये त्याच दिग्दर्शक डेव्हिड टूहींनी १० कोटींच्या वर खर्चून ‘द क्रॉनिकल्स ऑफ रिडिक’ हा पुढचा भाग केला. त्यात ग्रहामागून ग्रह जिंकत सुटलेल्या नेक्रोमंगरांची फौज आली, त्यांचा धर्म आला आणि भाकीतही आलं. माझा आक्षेप भाकितावर आहे. पहिल्या भागात रिडिक भरवशाचा नाही. ‘बाकीच्यांना सोड, माझ्याबरोबर चल’ असं तो यानाची पायलट फ्रायला सांगतो. तीच पुढे जखमी रिडिकसाठी परत येते आणि जिवानिशी जाते, तेव्हा कुठे तो आतून हलतो. दुसऱ्या भागात नेक्रोमंगरांचा प्रमुख लॉर्ड मार्शल, त्याचा काळ रिडिकच, हे आधीच ठरलेलं. भाकीत ऐकून रिडिकच्या फ्युर्या ग्रहावरची पोरं मारणारा राजा! ही कंसाची गोष्ट झाली. कृष्णाच्या जागी बसवलेला माणूस अँटीहिरो कसा राहील?

कृष्णविवर:
अजिबात पटलं नाही. रिडिक त्या भाकिताला भीकच घालत नाही. क्रिमेटोरिया या तुरुंगाच्या ग्रहावर तो जातो कायरासाठी, म्हणजे पहिल्या भागातल्या पोरगी जॅकसाठी. शेवटची मारामारी परत बघा. लॉर्ड मार्शल शरीरातून अर्धा बाहेर सरकून वार चुकवतो. त्याचाच सरदार वाको त्याच्यावर घाव घालायला येतो, लॉर्ड मार्शल निसटतो; आणि तो कुठे जाऊन थांबणार हे हेरून रिडिक तिथेच त्याच्या डोक्यात सुरा घुसवतो. क्षणभर उशीर झाला असता तर गादी वाकोची होती. ज्याला मारलं त्याचं सगळं आपलं, हा त्यांचा नियम. कायरा मेली आणि नको असलेलं सिंहासन गळ्यात पडलं. याला अवतारकार्य म्हणायचं?

कात्री:
दोघांनी कोणती आवृत्ती पाहिली ते आधी सांगा. थिएटरची ११९ मिनिटांची, दिग्दर्शकाची सुमारे १३४ मिनिटांची. ‘पिच ब्लॅक’ला आर, म्हणजे मोठ्यांसाठीचं प्रमाणपत्र होतं, याला पीजी-१३, म्हणजे पोरांनाही बघता येणारं. ज्याचं हत्यारच सुरा, त्याच्या मारामारीतून रक्त काढलं की वार लागला की हुकला तेच कळत नाही. रिडिकला दिसणाऱ्या फ्युर्याच्या शिराह या बाईचे दृष्टान्तही लांब आवृत्तीतच आहेत. मात्र निशाचर, त्यांनी तुमचाच मुद्दा बळकट होतो, कारण फ्युर्याचं कूळ त्यात आणखी गडद होतं.

तापमापी:
क्रिमेटोरियाबद्दल कुणीच बोललं नाही! सिनेमाचा तोच भाग मला सगळ्यात पक्का वाटतो. दिवसा ७००, रात्री उणे ३०० अंश. हे फॅरनहाइटच असणार, कारण उणे २७३.१५ सेल्सिअसच्या खाली काही नसतंच. म्हणजे दिवसा साधारण ३७१ सेल्सिअस. अंगावर पाणी ओतून रिडिक उन्हात झेपावतो. वाफ होताना पाणी उष्णता घेतं, म्हणून काही क्षण मिळतात ही कल्पना बरोबर. चुकतं ते खडकाच्या सावलीत. सावली किरण अडवते, तापलेली हवा अडवत नाही. पण प्रसंगाची रचना ‘पिच ब्लॅक’च्या उलट आहे हे लक्षात घ्या: तिथे अंधार मारतो, इथे उजेड. आणि चहाचा तो धातूचा पेला! ‘याने मारीन’ म्हणतो, मारतो आणि मग पुढचं हत्यार म्हणून टिनचा डबा उघडायची चावी पुढे ठेवतो. बाकीचे पळतात. इथे ना भाकीत लागलं ना फौज.

निशाचर:
तापमापी, पेल्याचा प्रसंग मान्य, शंभर टक्के. पण तो चालतो कारण तिथे एक माणूस आणि हाताला लागलेली एक वस्तू आहे. २०१३ च्या ‘रिडिक’मध्ये टूही ३.८ कोटी डॉलरांत पुन्हा एकाच ग्रहावर आले, आर प्रमाणपत्रासह. सिंहासन थोडक्यात आटोपलं.

कृष्णविवर:
आटोपावं लागलं, कारण २००४ च्या भागाची जगभरची कमाई साडेअकरा कोटींच्या आसपास आणि त्यातला मोठा वाटा थिएटरवाल्यांचा. पैसा बुडाला म्हणून कल्पना खोटी ठरत नाही. कायराचंच बघा. पहिल्या भागात रिडिक अंधारात दिसणारे डोळे करून घेण्याची किंमत सांगतो: मेंथॉलच्या २० कूल सिगरेटी. त्याची नक्कल करत मोठी झालेली ती पोरगी क्रिमेटोरियात त्याच सिगरेटींचा हिशेब त्याच्या तोंडावर मारते, की तेवढ्यात डोळे करून देणारा डॉक्टर इथे भेटलाच नाही. एवढ्या एका वाक्यात रिडिकने टाकून दिलेल्या माणसाचं काय होतं ते दिसतं. हा अँटीहिरोचा हिशेब नाही तर काय आहे?