मदत हवी आहे: ट्रेलरमध्ये पाणी नेमकं कुठून शिरतंय, पावसाळ्याआधी कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी. आमच्याकडे गाडीमागे ओढायचा बारा फुटी छोटा ट्रॅव्हल ट्रेलर आहे. त्यात पाणी शिरतंय, आणि दोन पावसाळे झाले तरी ते कुठून येतं हे आम्हाला सापडलेलं नाही. आता मे उजाडला. बडोद्यात जूनच्या मध्यानंतर पाऊस कधीही धरतो, म्हणजे हातात जेमतेम सहा आठवडे आहेत. ज्यांनी ट्रेलर, कॅरॅव्हॅन किंवा बसच्या बॉडीचं काम स्वतः केलंय किंवा जवळून पाहिलंय, त्यांनी कृपया वाचावं.

ट्रेलर सेकंडहँड घेतला. आत लोखंडी चौकोनी पाइपांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि प्लाय, बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा. छत दोन पत्र्यांचं आहे, मधोमध आडवा जोड. छताला एक उघडता येणारं हवेचं झाकण, बाजूंना दोन सरकत्या खिडक्या, पुढे-मागे वरच्या कडेला छोटे लाल-पिवळे दिवे, आणि डाव्या अंगाला कनात अडकवायची लांब अॅल्युमिनियमची पट्टी. पट्टी दर सहा इंचांवर स्क्रूने बसवलेली आहे.

हा ट्रेलर घेतला तो आईसाठी. ती दांडिया बाजारात वाढली, आणि गरुडेश्वरला टेंबेस्वामींच्या समाधीला जाणं हा तिचा लहानपणापासूनचा नेम. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिला खाली बसता-उठता येत नाही, आणि रात्री दोनदा तरी उठावं लागतं. स्वतःचा पलंग आणि स्वतःचं कमोड बरोबर असलं की ती चार दिवस नर्मदेकाठी आनंदात राहते. गेल्या दिवाळीनंतर आम्ही निघालो तेव्हा आत पाऊल टाकताच ती म्हणाली, "ओल्या गोणपाटाचा वास येतोय गं." तिला दमा आहे. त्या रात्री तिला खोकल्यानं झोप लागली नाही. आम्ही दुसऱ्याच दिवशी परतलो.

घरी आल्यावर पलंगाखालचा मागचा डावा कोपरा मोकळा केला. सनमायका पापडासारखा उचललेला. त्याखालचा प्लाय अंगठ्यानं दाबला तर आत जातो आणि बोट काढलं तरी खळगा तसाच राहतो. कोपऱ्यातली उभी लाकडी पट्टी काळी पडली आहे, तिच्यात पेचकस टोचला तर जोर न लावता दीड इंच आत गेला. प्लायवर कुठलाच शिक्का नाही. म्हणजे पाण्यात टिकणारा, आयएस ७१० मानकाचा मरीन प्लाय तर नाहीच, बहुधा साधा कमर्शियल असावा.

ज्याला दाखवलं तो म्हणतो पुराचं पाणी. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा बडोद्यात कितीतरी गाड्या बुडाल्या, त्यामुळे लोकांच्या तोंडी तेच येतं. पण आमचा ट्रेलर तेव्हा मकरपुऱ्याला ओळखीच्यांच्या शेडजवळ उंच ओट्यावर होता, चाकंसुद्धा भिजली नाहीत. शिवाय पाणी खालून आलं असतं तर सगळी जमीन खराब झाली असती. आमची उजवी बाजू कोरडी ठणठणीत आहे.

पहिल्या पावसाळ्यानंतर एका कारागिरानं छताचा मधला जोड आणि झाकणाची चौकट पांढऱ्या सिलिकॉननं भरून दिली. जुनं काही खरवडलं नाही, त्यावरच थर दिला. पुढच्या पावसाळ्यात पाणी आलंच. गेल्या आठवड्यात मी शिडी लावून वर पाहिलं, तर ते सिलिकॉन एका कडेनं नखानं उचललं जातंय, आणि खाली धूळ आहे.

मी स्वतः काय तपासलं तेही सांगते. पाऊस चालू असताना आत छताच्या कडेकडेनं टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या भिजल्या, पण त्याच्या बरोबर वर बाहेरून पाहिलं तर जोड अगदी धड दिसतो. आणखी एक गोष्ट, कामाची आहे की नाही माहीत नाही: जिथे ट्रेलर उभा असतो तिथली फरशी उताराची आहे, त्यामुळे पुढचं तोंड मागच्यापेक्षा चारेक बोटं उंच राहतं.

माझे प्रश्न असे. पाणी शिरण्याची जागा खात्रीनं कशी शोधायची? छतावरचं सिलिकॉन पूर्ण काढायलाच हवं का, आणि त्याजागी काय भरायचं? पुन्हा वरून थर मारून घेण्याची माझी तयारी नाही. या वेळी मुळापासून करायचं आहे, हवे तेवढे रविवार जाऊ देत.

प्रतिसाद

ताई, मी बसच्या बॉडी बांधण्यात एकोणतीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे, इंदूरला असतो. तुम्ही उताराची गोष्ट शेवटी लिहिलीत, मी तिथूनच सुरुवात करेन.

डाग पडतो ती जागा आणि पाणी शिरतं ती जागा क्वचितच एक असते. तुमच्या सांगाड्यात चौकोनी पाइप आहे. पुढे कुठे एका स्क्रूच्या भोकातून पाणी आत गेलं की ते पाइपावरून किंवा पाइपाच्या पोटातून उताराकडे चालत राहतं आणि जिथे पाइप संपतो तिथे गळतं. तोंड उंच, म्हणजे पाणी मागे येणार. डावा कोपरा, म्हणजे मला संशय डाव्या कडेच्या लांब पट्टीचा आणि पुढच्या डाव्या दिव्याचा. छताचा मधला जोड सगळ्यांना आधी दिसतो म्हणून सगळे तोच भरतात.

खात्री करायची तर पाणी मारण्याआधी हवा मारा. दारं-खिडक्या बंद करा, सिंकचं भोक आणि खालचे पाइप चिकटपट्टीनं बुजवा. छताचं झाकण उघडून तिथे पुठ्ठा बसवा, पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून धूळ उडवायचा साधा हँड ब्लोअर आत सोडा, कडा टेपनं बंद करा. कॉम्प्रेसर अजिबात लावू नका, पत्रा फुगेल. आत हवेचा किंचित दाब तयार झाला की पुरे. मग भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून स्प्रेच्या बाटलीनं प्रत्येक जोडावर, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर, दिव्यांच्या भोवती मारा. जिथून हवा बाहेर येते तिथे बुडबुडे येतात, आणि जिथून हवा बाहेर येते तिथूनच पाणी आत जातं. प्रत्येक जागी मार्करनं खूण करा. हे सकाळी सहा-सातला करा, उन्हात साबण लगेच वाळतो. झाकणाची चौकट या परीक्षेत सुटते, तिला नंतर पाण्यानं तपासा.

पाण्याची परीक्षा करायची तर नळीनं, आणि खालून वर. आधी खालचा जोड दहा मिनिटं, मग खिडकी, मग दिवे, शेवटी छत. वरून सुरू केलं तर सगळीकडे पाणी ओघळतं आणि काहीच कळत नाही. आत एक जण टॉर्च घेऊन हवा. गाडी धुवायचं प्रेशर मशीन वापरू नका, ते चांगल्या जोडातूनही पाणी आत ढकलतं.

सिलिकॉनबद्दल. हो, सगळं काढावंच लागेल. त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर त्यावर दुसरं काहीच धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही. आणि लावताना ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन धातू खातं. प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा, लोखंडी पटाशी नको, पत्र्यावर ओरखडे पडतील. शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा, फडकं पांढरं निघेपर्यंत.

भरायचं काय, ते जागेवर अवलंबून. जिथे एक वस्तू दुसरीवर स्क्रूनं दाबली जाते, म्हणजे तुमची लांब पट्टी, दिवे, खिडकीची चौकट, तिथे खाली ब्यूटिल टेप. ती कधी वाळत नाही, कणकेसारखी मऊ राहते, म्हणून रस्त्यावरच्या हादऱ्यांबरोबर हलते. स्क्रू एकदम आवळू नका. थोडे थोडे, एकाआड एक, सगळ्या कडेनं टेप जराशी बाहेर येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा आवळा, कारण टेप रात्रभरात बसते. बाहेर आलेला भाग प्लॅस्टिकच्या सुरीनं कापून टाका. उघड्या जोडावर, जसा तुमच्या छताचा मधला, पॉलीयुरेथेन सीलंट. आम्ही बसला तेच वापरायचो. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून भरा आणि सीलंट ओलं असतानाच टेप काढा. ते हवेतल्या ओलाव्यानं पिकतं, म्हणजे घट्ट होतं, दिवसाला साधारण तीन मिलिमीटर आतपर्यंत. त्यामुळे जाड थर दिलात तर दोन-तीन दिवस ट्रेलर हलवू नका.

दुपारी छतावर काम करू नका. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याला हात लावता येत नाही, आणि तापलेल्या पत्र्यावर सीलंटमध्ये फुगे येतात.

जुने स्क्रू परत घालू नका. अॅल्युमिनियम आणि लोखंड यांच्यात पाणी राहिलं की धातूच एकमेकांना खातात. ३०४ ग्रेडचे स्टेनलेस घ्या, लाकडातलं भोक सैल झालं असेल तर एक नंबर जाड.

दोन चुका बहुतेक जण करतात. खिडकीच्या चौकटीला खालून बारीक फटी असतात. ती पाणी बाहेर जायची वाट आहे, ती कधीही बुजवू नका. दिव्याचीही खालची कड उघडी ठेवा. आणि ओलं असताना सील करू नका. आतला ओलावा अडकला तर तो बाहेरच्या पावसापेक्षा जास्त लाकूड खातो. टोचायचा मॉइश्चर मीटर घ्या. प्लायमध्ये १५ टक्क्यांच्या आत आलं की चालेल, २०च्या वर असेल तर बुरशीला मोकळं रान आहे. तुमच्या आईंना दमा आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद, अठरा दिवसांनी

काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. आधी ते सांगते.

रविवारी पहाटे साडेपाचला सुरू केलं. ब्लोअर शेजारच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या दादांनी दिला. छताच्या मधल्या जोडावर दोनच ठिकाणी बारीक बुडबुडे आले. मग मी डाव्या पट्टीवर स्प्रे मारला, तर पुढून तिसऱ्या आणि चौथ्या स्क्रूभोवती दुधाला उकळी येते तसा फेस वर आला. नवरा आत होता, त्याला हाक मारली तर माझा आवाज ब्लोअरमध्ये त्याच्यापर्यंत पोचेना. पुढच्या डाव्या दिव्याच्या वरच्या कडेलाही बुडबुडे. मागचा डावा कोपरा, जिथे प्लाय कुजलाय, तिथे बाहेरून एकही बुडबुडा नाही.

पट्टी काढली. तिसरा स्क्रू पेचकस लावताच मोडला, डोकं हातात आलं. उरलेला भाग पक्कडीनं ओढून काढला तर तो मधोमध सुईएवढा बारीक झाला होता, तपकिरी, आणि भोकाच्या कडेनं पत्र्यावर पांढरी पूड. पट्टीखाली कधी काळी काहीतरी भरलं होतं, ते वाळून खडूसारखं झालंय, बोटानं चुरा होतो. सहा इंचांवर एक म्हणजे एकूण बावीस स्क्रू, त्यांतले नऊ असेच निघाले.

सिलिकॉन खरवडायला तीन सकाळी गेल्या. हे काम कुणी अर्ध्या तासात करून देतो म्हणाला तर त्याला देऊ नका, एवढं मी स्वतःच्या हातानं करून सांगते. आत मागचा प्लाय दोन फूट बाय दीड फूट कापून काढला, दोन टेबलफॅन आणि ऊन. पहिल्या दिवशी मीटर ३१ दाखवत होता, काल १४ आला. ब्यूटिल टेप २० मिलिमीटर रुंदीची मिळाली. पट्टी परवा बसवली, काल सकाळी पुन्हा आवळली, आणि खरंच प्रत्येक स्क्रू पाव फेरा आत गेला. आज परत हवेची परीक्षा केली, डाव्या बाजूला बुडबुडे नाहीत. दिवाही वरून आणि बाजूंनी भरला, खालची कड सोडली. झाकणाच्या चौकटीवर नळीनं दहा मिनिटं पाणी मारलं, आत टिश्यू कोरडा.

आई परवा येऊन आत बसली. दार लावून घेतलं, पाच मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली, "वास गेला. पण तो कोपरा अजून उघडा आहे ना?"

त्या कोपऱ्याचंच अडलंय. नवा प्लाय मरीन घेणार आहे, त्यात शंका नाही. पण उभी लाकडी पट्टी पाच फुटांची आहे आणि तिचा खालचा साधारण चौदा इंचांचाच भाग कुजलाय, त्यावर लाकूड खणखणीत वाजतं. तेवढाच भाग कापून तिरका जोड देऊन नवं लाकूड लावलं तर ट्रेलर ओढताना त्या जोडावर ताण येईल का, की अख्खी पट्टी बदलावी? अख्खी बदलायची तर बाहेरचा कोपऱ्याचा पत्रा उकलावा लागेल, म्हणजे आत्ता धड असलेला एक जोड पुन्हा उघडावा लागेल. मिस्त्री म्हणतात कापून जोडू, पण त्यांनी घरची दारं-खिडक्या केल्यात, हलणारी वस्तू नाही. येत्या रविवारी ते करवत घेऊन येणार आहेत, त्याआधी तुम्ही किंवा इथल्या कुणी सांगितलंत तर मी त्यांना तसं कळवेन. कोपऱ्याचे आतून काढलेले फोटो खाली लावते.