गेम डिझाइनची पदवी घ्यावी की संगणकशास्त्राची?

प्रश्न

नमस्कार. माझे शालेय शिक्षण पूर्ण होत आले असून पुढे व्हिडिओ गेम तयार करण्याचेच शिक्षण घ्यायचे, असे मी मनाशी पक्के केले आहे. मात्र निरनिराळ्या महाविद्यालयांची माहितीपत्रके वाचू लागल्यापासून गोंधळ वाढला आहे. कुठे अभ्यासक्रमाचे नाव ‘गेम डिझाइन’ आहे, तर कुठे ‘गेम डेव्हलपमेंट’, आणि दोन्हींतील विषय बरेचसे सारखे दिसतात. मला प्रोग्रामिंग आवडते आणि गणिताची भीती वाटत नाही, पण चित्रकला मुळीच जमत नाही. गेल्या वर्षभरात गोडो इंजिन (गेम तयार करण्याचे सॉफ्टवेअर) वापरून मी तीन गेम करायला घेतले. त्यांपैकी एकही पुरा झालेला नाही. घरच्यांचे मत असे आहे की आधी संगणकशास्त्राची पदवी घ्यावी आणि गेमचे नंतर पाहावे. या क्षेत्रात शिकलेल्या किंवा काम करणाऱ्या मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

आधी डिझाइन आणि डेव्हलपमेंट यांतला फरक एका उदाहरणाने सांगतो, कारण तो कळला की निम्मा गोंधळ दूर होईल. गेममधील पात्राची साधी उडी घ्या. ती किती उंच असावी, बटण सोडताच पात्र लवकर खाली यावे का, आणि कड्याच्या टोकावरून पाय सुटल्यानंतरही क्षणभर उडी मारण्याची मुभा द्यावी का, हे डिझाइनचे प्रश्न आहेत. या शेवटच्या सवलतीला ‘कायोटी टाइम’ म्हणतात. ‘सेलेस्ट’ या अतिशय कठीण गेममध्ये ती आहे आणि खेळणाऱ्याला ती जाणवतही नाही. फक्त आपली उडी चुकली तर चूक आपलीच होती, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. हीच उडी वेगवान आणि संथ अशा दोन्ही संगणकांवर सारखीच पडावी, ही जबाबदारी डेव्हलपरची. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची एकामागून एक येणारी चित्रे, दाखवायच्या असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्या अवधीत हालचाल, टक्कर, शत्रूंचे निर्णय आणि चित्रण हे सगळे उरकावे लागते. प्रत्येक फ्रेमला ठरावीक अंतर पुढे सरकणारे पात्र वेगवान संगणकावर भरधाव पळू लागते, म्हणून हालचालीचे गणित दोन फ्रेममधल्या वेळेवर बेतावे लागते. माझ्या पहिल्या वर्षाच्या प्रकल्पात नेमकी हीच चूक राहिली होती आणि सादरीकरणाच्या दिवशी दुसरा संगणक जोडल्यावरच ती उघडकीस आली.

गणिताची भीती नाही, ही मोठीच जमेची बाजू आहे. समजा, पहारेकऱ्याला खेळाडू दिसतो आहे की नाही हे ठरवायचे आहे. त्याच्या नजरेची दिशा आणि त्याच्यापासून खेळाडूकडे जाणारी दिशा हे दोन एकक सदिश (म्हणजे एक एकक लांबीचे, दिशा दाखवणारे बाण) घेऊन त्यांचा अदिश गुणाकार करतात. नजरेचा पल्ला एकूण ९० अंशांचा असेल, तर हा गुणाकार ०.७०७ पेक्षा, म्हणजे ४५ अंशांच्या कोसाइनपेक्षा, जास्त आल्यास खेळाडू त्या पल्ल्यात आहे. शाळेत निर्जीव वाटलेले हे सूत्र पडद्यावर पहारेकऱ्याची मान वळवते, तेव्हा मला आजही आनंद होतो. तुमचा कल डेव्हलपमेंटकडे दिसतो. चित्रकलेची चिंता सोडा. ते काम करणारी वेगळी मंडळी असतात.

उत्तर २

मी घरच्यांच्या मताच्या बाजूने आहे, पण थोड्या वेगळ्या कारणाने. एखादे विशिष्ट इंजिन शिकवले जाते म्हणून अभ्यासक्रम निवडू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच नावाचे गेम इंजिन बनवणाऱ्या युनिटी कंपनीने गेमच्या इन्स्टॉलेशनच्या संख्येनुसार शुल्क आकारण्याचे जाहीर केले, तेव्हा अनेक विकासक रातोरात दुसरी इंजिने तपासू लागले. पुढे वर्षभराने ते शुल्क मागे घेण्यात आले. अशा वेळी ज्यांना डेटा स्ट्रक्चर (संगणकात माहिती रचण्याच्या पद्धती), मेमरीचे व्यवस्थापन आणि रेषीय बीजगणित नीट येते, ते काही आठवड्यांत नव्या साधनावर हात बसवतात. संगणकशास्त्रात हा पाया पक्का होतो आणि पुढे गेमखेरीज इतर कामांचे दारही उघडे राहते.

उत्तर ३

वरील मुद्दा योग्य असला, तरी त्यात एक गोष्ट निसटते आहे. संगणकशास्त्राच्या वर्गात तुमच्याशेजारी चित्रकार, ध्वनिकार आणि डिझायनर बसलेले नसतात. गेमनिर्मिती शिकवणाऱ्या डिजिपेन या संस्थेतील विद्यार्थ्यांच्या गटाने ‘नार्बॅक्युलर ड्रॉप’ नावाचा छोटा गेम केला होता आणि तो २००५ मध्ये आला. दोन दारे जोडून अवकाश ओलांडण्याची त्यातली कल्पना पाहून व्हॉल्व्ह कंपनीने त्या गटालाच कामावर घेतले आणि त्यातून २००७ मध्ये ‘पोर्टल’ साकारला. अशी संधी सर्वांच्या वाट्याला येत नाही, हे उघड आहे. परंतु तो गेम गटाने केलेला आणि पूर्ण झालेला होता, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधते.

म्हणून प्रवेशापूर्वी तेथील विद्यार्थ्यांना भेटून विचारा, की पदवीच्या काळात मिश्र गटात किती गेम पुरे करावे लागतात, आणि ते अनोळखी लोकांना खेळायला देऊन त्यांचे निरीक्षण करायला लावतात का. विद्यार्थ्यांनी केलेल्या गेमचे हक्क कोणाकडे राहतात, हेही लेखी पाहून घ्या, कारण काही ठिकाणी ते संस्थेकडे जातात.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मिश्र गटाचा मुद्दा माझ्या मनात आलाच नव्हता. त्या दृष्टीने माहितीपत्रके पुन्हा वाचतो. आता एकच शंका उरते: माझे गेम पूर्ण का होत नसावेत?

उत्तर ३

बहुधा ते फार मोठे असावेत. तिन्हींपैकी सर्वांत लहान गेम निवडा आणि त्यातील एकच पातळी ठेवून बाकीचे सारे काढून टाका. मग त्याला सुरुवातीचा पडदा, विराम, आवाज कमी-जास्त करण्याची सोय आणि शेवट द्या. ही कामे कंटाळवाणी वाटतात आणि बहुतेकांचे गेम इथेच अडकतात. गेम दुसऱ्याच्या संगणकावर चालवून पाहा आणि तो खेळत असताना एकही सूचना देऊ नका. तो जिथे थबकेल तिथे वहीत खूण करा. त्यानंतर एखाद्या गेम जॅममध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीत गेम तयार करण्याच्या उपक्रमात, भाग घ्या. ग्लोबल गेम जॅमची परंपरागत मुदत ४८ तासांची आहे, आणि तेवढ्या वेळात काय वगळायचे हे पहिल्याच संध्याकाळी ठरवावे लागते. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी एवढे झाले, तर मुलाखतीत दाखवायला तुमच्याकडे एक पूर्ण गेम असेल.