साखर, लिंबू आणि पार्लरचा पडदा ('कॅरॅमल'च्या निमित्ताने तुमचे अनुभव)

रातराणी
काल तिळाच्या वड्यांचा पाक गॅसवर ठेवला आणि नेमका नणंदेचा फोन. गोळीबंद होऊन पाक पार पुढे गेला, करपायच्या आधी येतो तो वास घरभर. वड्या गेल्या कामातून. पण त्या वासानं मी थेट नव्वद सालच्या डोंबिवलीत, आमच्या बिल्डिंगमधल्या पार्लरवाल्या काकूंच्या आतल्या खोलीत. स्टीलच्या पातेल्यात साखर-लिंबाचं वॅक्स, जुन्या जीन्सच्या पट्ट्या, धुऊन धुऊन पांढऱ्या पडलेल्या. बाहेर काका पेपर वाचत बसलेले, मध्ये फुलाफुलांचा पडदा. पडद्याच्या अलीकडे काय काय बोललं जायचं! मी दहावीत. "हळू गं, ती लहान आहे" असं म्हणायच्या आणि आवाज तेवढाच ठेवायच्या.

मग रात्री 'कॅरॅमल' हा सिनेमा परत पाहिला. लेबनॉनची दिग्दर्शिका नादीन लबाकी हिचा, २००७ चा. मूळ अरबी नाव 'सुक्कर बनात', म्हणजे पोरींची साखर. बैरूतमधलं एक पार्लर आणि तिथल्या पाच जणी. तिथेही वॅक्स म्हणजे साखर, लिंबू, पाणी, आणि बायका तो पाक बोटानं चाटतातसुद्धा.

तर तुमच्या पडद्याआडच्या गोष्टी येऊ द्या. सिनेमा पाहिला नसेल तरी लिहा.

चकली_भाजणी
ईईई वॅक्स चाटतात?? 😂

रातराणी
अगं लावायच्या आधी!

नीरजा_के
ते हॉटेलचं! पार्लरमधली लयाल तिच्या लग्न झालेल्या प्रियकराच्या वाढदिवसासाठी खोली शोधत फिरते आणि जो तो लग्नाचा पुरावा मागतो. मी हसून हसून मेले, कारण आम्ही खरंच लग्न झालेले असून अलिबागच्या वाटेवर हेच भोगलंय. मी माहेरचं आडनाव ठेवलेलं. काउंटरवरचे काका दोन्ही आधार कार्डं शेजारी शेजारी ठेवून बघतायत, आमची पोरगी ह्याच्या खांद्यावर झोपलेली! शेवटी नवऱ्याने फोनमधला मुंडावळ्यांचा फोटो दाखवला. त्यावर काका, "ह्या त्याच का?" त्या फोटोत मी ४८ किलो होते.

खटपट्या
"ह्या त्याच का" 🙈 फुटलो.

मंजिरी_दुबई
ऑफिसमध्ये बैरूतची एक जण माझ्या शेजारी बसायची. फोन उचलला की "हाय, कीफिक, सा वा?" एका दमात इंग्रजी, अरबी, फ्रेंच. सिनेमातल्या बायका बोलतात अगदी तश्शी. ती मारोनाइट ख्रिश्चन, मित्र शिया. लेबनॉनमध्ये नागरी विवाह (म्हणजे धर्माबाहेरचं, नोंदणी पद्धतीचं लग्न) होत नाही, मग ही जोडपी विमानाने सायप्रसला जातात, तिथे सही करून परत. तिनेही तेच केलं. आईला कळवलं का, तर म्हणाली, आईला माहीत आहे पण आईला सांगितलेलं नाही. मला हे वाक्य समजावून सांगावं लागलं नाही, सातारची आहे मी.

सिनेमात युद्धाचा एक शब्द नाही. शूटिंग संपलं आणि थोड्याच दिवसांत, जुलै २००६ मध्ये, इस्रायल आणि हिजबुल्लाचं युद्ध सुरू झालं. विमानतळावर बाँब पडले तेव्हा हिची तिकिटं काढलेली होती. डेस्कवर बॅगेची यादी ठेवून ती पंधरा दिवस बसून होती.

चकली_भाजणी
"माहीत आहे पण सांगितलेलं नाही" हे आमच्या घराचं ब्रीदवाक्य.

स्पष्टवक्ती
सगळ्यांना आवडलाय म्हणून जपून लिहिते. लग्नाआधी निसरीन कौमार्य 'परत' मिळवायचं ऑपरेशन करून घेते, ते मला झेपलं नाही. नवऱ्याला खोटं सांगून संसार सुरू करायचा आणि मैत्रिणी गंमत केल्यासारख्या दवाखान्यात सोबत जातात?

नीरजा_के
गंमत कुठे गं? ती तिथे स्वतःचं नावसुद्धा सांगत नाही, फ्रेंच नाव सांगते. मला कांदेपोह्यांच्या वेळी मुलाच्या मावशीने गच्चीवर नेऊन विचारलं होतं, "तुझं आधीचं काही नाही ना?" मी "नाही" म्हटलं. होतं. आजही सोबत कोणी हवं होतं असं वाटतं.

स्पष्टवक्ती
हम्म. हे पटलं.

अर्धा_कप
जमाल! ती ऑडिशन देत फिरणारी, पाळी गेली हे कळू नये म्हणून लाल डाग करणारी. माझी थांबून दोन वर्षं झाली तरी पर्समध्ये पॅड असायचंच. कोणी मागितलं की मी ऐटीत काढून द्यायचे. गेल्या महिन्यात नव्या मुलीला दिलं तर म्हणाली, "मॅम, ह्याचा गम सुकलाय."

खटपट्या
मी पुरुष, इथे लिहिलं तर चालेल ना? तो वाहतूक पोलीस लयालसाठी पार्लरमध्ये येऊन मिशी काढून बसतो, तो माझा हिरो. बायको पार्लरमध्ये "पंधरा मिनिटं" म्हणून गेली की मी बाहेर स्कूटरवर सव्वा तास. एकदा पाऊस आला म्हणून दारात सरकलो तर आतून चार जणींनी एकदम "ओ भाऊ!!" केलं. तेव्हापासून समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे उभा राहतो.

अबोली_७
पार्लरमधली रीमा आणि तिच्याकडे केस धुवायला येणारी ती लांब केसांची बाई. केस धुताना दोघी काही बोलत नाहीत.
माझी एक मैत्रीण होती, हॉस्टेलवर रोज माझी वेणी घालायची.

चकली_भाजणी
मग?

अबोली_७
मग तिचं लग्न झालं. एवढंच लिहिते.

रातराणी
अबोली 🌼

जुनी_पेटी
मी टाइप करायला हळू आहे, सांभाळून घ्या. मला रोझ दिसली. कपडे शिवणारी, म्हातारी झालेली, आणि मोठी बहीण लिली जी रस्त्यातले कागद आणि गाड्यांवरच्या दंडाच्या पावत्या गोळा करते. माझ्याकडे आत्या आहे. ती देवळाच्या पावत्या जमवते, उशीच्या अभ्र्यात. मोजायला लावते.

आमच्या बँकेतले एक गृहस्थ, पत्नी वारलेली. एकदा म्हणाले, टिळक स्मारकला गाणं आहे, दोन पास आहेत. मी मोतिया रंगाची साडी इस्त्री केली. पावडर लावली, लिपस्टिक लावली, किती वर्षांनी. दाराशी चपला घालताना आत्या म्हणाली, "कुठे चाललीस, आज बुधवार आहे." बुधवारी आम्ही दोघी केस धुतो. मी फोन करून सांगितलं की इकडे फार पाऊस आहे. तेही पुण्यातच राहात होते.

रोझ आरशासमोर लिपस्टिक पुसते तिथे मी सिनेमा बंद केला. पुढचं बघितलेलं नाही.

अर्धा_कप
पेटीताई, कुठल्या भागात राहता? मी कोथरूडला. आत्यांपाशी मी बसेन हो एखादा बुधवार. खरंच म्हणतेय.

मिनी_माऊस
धागा छान आहे पण साखर वॅक्सचं प्रमाण कोणी देईल का? विकतच्याने पुरळ येतंय.

चकली_भाजणी
मिनी, टायमिंग बघ गं जरा!

जुनी_पेटी
असू दे हो, विचारू दे. दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी. मंद आचेवर मधाच्या रंगावर आलं की लगेच उतरवा. हाताला सोसवेल इतकं निवू द्या, गरम लावू नका, आणि आधी मनगटावर थोडंसं लावून बघा. आत्याचं होतं एके काळी पार्लर, शनिवार पेठेत. तिला प्रमाण आजही पाठ आहे, माझं नाव नसतं कधी कधी.

@अर्धा_कप, संदेश पाठवला आहे. पोचला का कळवा.

मिनी_माऊस
थँक्यू काकू 🙏 रातराणी, वड्यांचं काय झालं शेवटी?

रातराणी
ताटाला चिकटल्या त्या चिकटल्या. बत्त्याने फोडून "चिक्की" म्हणून ऑफिसात नेल्या. अकराच्या चहाला संपल्या, आणि एकीने रेसिपी मागितलीये.